गळाला लागलेला मासा ‘सनफिश’ की चिलापी?

प्रश्न : आमचे गाव कर्जत तालुक्यात, खेडजवळ, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. सुट्टीच्या दिवशी मी गळ टाकून बसतो. परवा गांडुळाच्या आमिषाला तळहातात मावेल एवढा एक मासा लागला. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, बाजूने पाहिले तर गोलसर. रंग राखाडी-हिरवट, अंगावर पुसट उभे पट्टे. कल्ल्याच्या झाकणावर एक काळा डाग आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात दुसरा. पाठीचे काटे हाताला चांगलेच लागले. मोबाइलवरच्या ॲपमध्ये फोटो टाकला तर ‘ब्लूगिल सनफिश’ असे उत्तर आले. चुलते म्हणतात, ही चिलापी. पण बाजारात मी पाहतो ती चिलापी मोठी आणि काळी असते. मग हा मासा कोणता? अमेरिकेतला मासा आमच्या भीमेत आला कसा? तो खायला चालतो का? आणि असे आणखी मिळाले तर आमच्या शेततळ्यात सोडू का? सोबत फोटो पाठवत आहे.
— एक वाचक, कर्जत तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : तुमच्या चुलत्यांचे बरोबर आहे. हे चिलापीचे पिल्लू आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तुमच्या फोटोतला मासा बहुधा मोझांबिक तिलापिया आहे. तो अमेरिकेतला नाही, पण इथलाही नाही. त्याचे मूळ घर आग्नेय आफ्रिकेत, झांबेझी आणि तिच्या दक्षिणेकडच्या नद्यांमध्ये आहे. तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत. त्यांतला शेवटचा, शेततळ्याचा, सर्वांत महत्त्वाचा आहे. पण आधी ओळख पक्की करू, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते.

ॲपची गल्लत का झाली?

सनफिश हे उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या एका कुळाचे नाव. त्यात तीसहून अधिक जाती आहेत आणि ब्लूगिल ही त्यांतली सर्वांत परिचित. तिकडे लहान मुलाच्या गळाला पहिला मासा लागतो तो बहुतेक वेळा हाच. तिलापिया सिक्लिड या वेगळ्या कुळातला. तरीही दोघांचे ठसे फार जुळतात. ब्लूगिलच्या कल्ल्याच्या झाकणाचे टोक काळे असते, तिलापियाच्या झाकणावरही गडद डाग असतो. ब्लूगिलच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या, मऊ भागात काळा ठिपका असतो, आणि तिलापियाच्या पिल्लालाही नेमका तिथेच असतो. वाढत्या वयात तिलापियाचा हा ठिपका पुसट होत नाहीसा होतो. तुम्हाला पिल्लू मिळाले, म्हणून गोंधळ वाढला. मोठा मासा लागला असता तर कदाचित ॲपही चुकले नसते.

हे साम्य नात्यातून आलेले नाही, राहणीतून आलेले आहे. दोन्ही मासे संथ, उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहतात. अशा पाण्यात लांब पल्ला पोहण्यापेक्षा जागच्या जागी वळणे, मागे सरकणे, देठांमधून वाट काढणे जास्त उपयोगाचे. त्याला उंच आणि चपटे अंग सोयीचे पडते. पाठीवरचे काटे उभारले की बगळ्याला किंवा मोठ्या माशाला तो गिळायला जड जातो. सारखी गरज असली की दूरदूरच्या खंडांतले मासेही सारखे दिसू लागतात. त्यामुळे नुसत्या आकारावरून आणि रंगावरून माशाचे नाव ठरवू नये.

मग ओळखायचे कसे?

मोजता येतील आणि बदलत नाहीत अशा खुणा पाहायच्या. रंग तासाभरात बदलतो. भेदरलेला मासा फिका पडतो, मेलेला काळवंडतो. काट्यांची संख्या मात्र बदलत नाही. पुढच्या वेळी मासा ओल्या फडक्यावर आडवा ठेवा आणि या क्रमाने पाहा.

पहिली खूण, पाठीवरच्या पराचे काटे. पर बोटाने हलकेच पुढे ओढून उभारा. पुढचा भाग टोकदार, न वाकणाऱ्या काट्यांचा असतो आणि मागचा मऊ, फांद्या फुटलेल्या शलाकांचा. फक्त टोकदार काटे मोजा. ब्लूगिलला साधारण १० असतात. मोझांबिक तिलापियाला १५ ते १८ असतात. तुमच्या फोटोत पर पुरेसा पसरला आहे आणि त्यात १६ काटे स्पष्ट दिसतात. सनफिशचा प्रश्न इथेच निकालात निघतो.

दुसरी खूण, अंगावरची रेघ. कल्ल्यामागून शेपटीकडे खवल्यांवर बारीक छिद्रांची एक ओळ जाते. पाण्यातली थरथर मासा या ओळीने टिपतो. ब्लूगिलच्या अंगावर ती एकसंध, शेपटीच्या बुडापर्यंत जाते. तिलापियाच्या अंगावर ती तुटलेली असते. वरचा तुकडा पाठीच्या पराखाली संपतो, आणि दुसरा तुकडा काही खवले खाली उतरून शेपटीच्या दांड्यावर मधोमध सुरू होतो. मासा उन्हाकडे तिरका धरला की हे दोन तुकडे नुसत्या डोळ्यांना दिसतात.

तिसरी खूण, नाकपुड्या. डोळा आणि ओठ यांच्या मधे पाहा. बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला दोन छिद्रे असतात, सनफिशलाही दोनच. तिलापियाच्या कुळात प्रत्येक बाजूला एकच छिद्र असते. ही खूण फार थोड्यांना माहीत असते, पण एकदा पाहिली की विसरत नाही.

चौथी खूण, शेपटी. ब्लूगिलच्या शेपटीला मधे किंचित खाच असते. तिलापियाची शेपटी सरळ कापल्यासारखी किंवा थोडी गोलाकार असते. शेपटीवर वरपासून खालपर्यंत ठळक उभ्या रेघा असतील तर तो नाईल तिलापिया समजावा. हाही आफ्रिकेतलाच, आणि हाही भारतात आणलेला. तुमच्या माशाच्या शेपटीवर अशा रेघा नाहीत, म्हणून मोझांबिक म्हटले. ‘बहुधा’ हा शब्द वापरला त्यालाही कारण आहे. या दोन जातींचा एकमेकींशी सहज संकर होतो आणि संकरित पिल्लांत दोघांच्याही खुणा मिसळतात.

चिलापी काळी असते, मग ही राखाडी कशी?

बाजारात तुम्ही पाहता तो काळा मासा विणीच्या हंगामातला नर असतो. एरवी नर, मादी आणि पिल्ले राखाडी-हिरवट असतात. वीण सुरू झाली की नराचे अंग काळेभोर होते, गळा पांढरा पडतो, पाठीच्या आणि शेपटीच्या पराची कड लाल होते. जबडाही मोठा होतो. हा नर काठच्या उथळ पाण्यात तोंडाने माती उकरून खळगा करतो आणि त्याची राखण करतो. उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या चिखलात ताटलीएवढे गोल खळगे दिसतात. ते याच माशाचे काम.

मादी खळग्यात अंडी घालते आणि फळली की लगेच तोंडात घेते. पिल्ले स्वतः पोहू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे ती त्यांना तोंडातच सांभाळते, आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. पिल्ले बाहेर सोडल्यावरही धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. जाळ्यात आलेल्या मादीच्या तोंडातून पिवळसर अंडी सांडताना मच्छीमारांनी पाहिलेली असतात. या माशाच्या यशाचे मोठे कारण हेच आहे. कटला-रोहू हजारो-लाखो अंडी पाण्यात सोडून निघून जातात, आणि त्यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. चिलापी थोडी अंडी घालते, पण एकही वाऱ्यावर सोडत नाही. तिला साचलेले पाणी पुरते, वर्षातून अनेकदा वीण होते आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांचा मासाही वीण करू शकतो.

तो भीमेत आला कसा?

माणसाने आणला. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. स्वातंत्र्यानंतरची ती टंचाईची वर्षे होती. लोकांना स्वस्त प्रथिने मिळावीत हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पुढे काही वर्षांतच तळ्यांमध्ये लहानखुऱ्या तिलापियांची बेसुमार गर्दी होऊ लागली, दुसऱ्या माशांची वाढ खुंटली, आणि १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. तोवर मासा दक्षिण भारतातल्या अनेक तलावांत पसरला होता. कागदावरची बंदी त्याला थांबवू शकली नाही.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचा वाहता पट्टा विस्तीर्ण, संथ जलाशय झाला. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना त्याचा काठ लागतो. पुणे-पिंपरीकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे या पाण्यात शेवाळ भरपूर वाढते. चिलापी शेवाळही खाते, तळाचा गाळही चाळते आणि कमी प्राणवायूतही तग धरते. वाहत्या, स्वच्छ पाण्यावर जगणाऱ्या माशांसाठी जे पाणी वाईट झाले, तेच तिला मानवले.

इथले मूळचे मासे कोण, याची जुनी नोंद आपल्याकडे आहे. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेला विल्यम हेन्री साईक्स हा लष्करी अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनभर फिरला. इथल्या माशांची चित्रे आणि वर्णने त्याने जमवली आणि ती १८३९ पासून प्रसिद्ध झाली. दख्खनचा महाशीर त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदवला. तेच पाणी पुढे भीमेला मिळून तुमच्या काठाशी येते. अनेक जातींना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोलस, मुसुल्ला, फुलंगी ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. त्या यादीत तिलापिया नाही, कारण तेव्हा तो इथे नव्हताच. आज उलट स्थिती आहे. चिलापी रोज बाजारात येते, आणि महाशीर गळाला लागला तर गावभर बातमी होते. या बदलाचा सगळा दोष चिलापीवर टाकता येणार नाही. धरणे, सांडपाणी, वाळूउपसा, बारीक जाळी या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. कटला, रोहू आणि मृगळही मूळचे गंगेकडचे, माणसानेच इथे सोडलेले. पण त्यांचे बीज दरवर्षी सोडावे लागते. चिलापीचे तसे नाही. ती एकदा आली की स्वतःच वाढत राहते.

आणखी कोणत्या माशांशी गल्लत होते?

गोल, चपट्या अंगाचे आणखी तीन-चार मासे लक्षात ठेवा.

रूपचंद : बाजारात हा कधी कधी पापलेट म्हणून खपवला जातो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला पाकू. पोट व छाती लालसर, पाठीच्या परात टोकदार काटे नाहीत, आणि पाठीचा पर व शेपटी यांच्या मधे एक छोटा मांसल पर असतो. तोंड उघडून पाहिले तर माणसाच्या दाढांसारखे चपटे दात दिसतात.

करीमीन : केरळात प्रसिद्ध असलेला हा मासा तिलापियाच्याच कुळातला, पण अस्सल भारतीय. तो किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातला. पोटाखालच्या मागच्या परात त्याला १२-१३ काटे असतात, तिलापियाला तिथे साधारण ३. हे काटे मोजले की दोघे वेगळे होतात.

चंदा : हे इथलेच, बोटभर लांबीचे, पारदर्शक अंगाचे मासे. अंगातून मणक्याची रेघ दिसते. पाठीचा पर खोल खाचेने दोन भागांत विभागलेला असतो.

सकर : हा चपटा-गोल नाही, पण ‘हा कोणता मासा’ असे विचारणारी पत्रे त्याच्याविषयीही येतात. अंगावर खवल्यांऐवजी कठीण पट्ट्यांचे चिलखत, तोंड खालच्या बाजूला. घरच्या काचेच्या टाकीत नकोसा झाला म्हणून कोणी तरी तो पाण्यात सोडला. आता तो उजनीत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो.

खायला चालतो का?

चालतो. चिलापी विषारी नाही. मांस पांढरे, काटे कमी, म्हणून लहान मुलांनाही द्यायला सोपी. काठावरच्या अनेक कुटुंबांची चूल तिच्यावर चालते, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. काळजी पाण्याची घ्यायची. ज्या ठिकाणी पाण्याला वास येतो, हिरवा दाट थर साचलेला असतो किंवा मासे मरून तरंगत असतात, तिथला मासा घेऊ नका. आतडी, कल्ले आणि पोटातला काळा पापुद्रा पूर्ण काढून टाका, मासा चांगला धुवा आणि नीट शिजवून खा. काटा टोचला तर जखम साबणाने धुवा. काट्याला विष नसते, पण घाण पाण्यातली जखम चिघळू शकते.

एक गोष्ट न विचारता सांगतो. मोठ्या जलाशयांत मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात. हौसेने गळ टाकणार असाल तरी तिथल्या संस्थेला आधी विचारा. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

शेततळ्यात सोडू का?

नाही. हौस म्हणून नाही, प्रयोग म्हणून नाही, ‘चार-पाचच तर आहेत’ म्हणूनही नाही. तळ्यात चार-पाच पिल्ले सोडली तर वर्षभरात शेकडो होतील. खाद्य अपुरे पडेल, सगळेच मासे बोटभर राहतील आणि विकायला एकही येणार नाही. शेवटी शेततळ्याचे पाणी, अंड्या-पिल्लांसकट, कधी ना कधी ओढ्यात जातेच. जोराच्या पावसात तळे ओसंडते, प्लास्टिक फाटते, कोणी पंप लावून पाणी सोडते. ओढा नाल्याला आणि नाला नदीला मिळतो.

शेततळ्यात मत्स्यपालन करायचेच असेल तर सरळ वाट आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. कटला-रोहूचे प्रमाणित बीज कुठे मिळते ते तिथे कळेल. ‘गिफ्ट’ या सुधारित तिलापियाचे पालनही देशात परवान्याने करता येते, पण त्याला अटी आहेत : बीज जवळजवळ सगळे नरच असलेले, म्हणजे तळ्यात वीण होऊ नये, पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर जाळ्या, पक्ष्यांनी मासा उचलून नेऊ नये म्हणून वरून जाळे. या अटी का घातल्या आहेत, ते वर सांगितलेल्या सत्तर वर्षांच्या अनुभवातून कळते.

ब्लूगिलने तुमच्या पत्रात हजेरी लावलीच आहे, तर त्याचीही हकिकत ऐका. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले होते. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. त्यांनी ते खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून मत्स्यसंशोधन केंद्राला दिले. तिथून मासे तलावांत गेले आणि जपानचे जुने मासे त्यांच्यापुढे हटू लागले. आज जपानभर पसरलेले ब्लूगिल मूळच्या अवघ्या १५ माशांची संतती असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. पुढे सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ मध्ये बिवा सरोवराच्या काठी झालेल्या समारंभात याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. याच अकिहितोंनी १९६५ साली थायलंडच्या राजाला ५० नाईल तिलापिया भेट दिले होते. तिकडे ते राजवाड्याच्या तळ्यात वाढवले गेले, बीज लोकांना वाटले गेले आणि आज तो थायलंडच्या रोजच्या जेवणातला मासा आहे. देणारा एकच, हेतूही एकच, परिणाम मात्र दोन तऱ्हांचे. परका मासा नव्या पाण्यात काय करील याचा अंदाज अभ्यासकालाही येत नाही, तर तुम्हा-आम्हाला कसा येणार?

तिलापियाची दुसरी बाजूही सांगतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मोझांबिक तिलापिया जगातल्या १०० घातक आक्रमक जातींपैकी एक आहे. त्याच संघटनेच्या लाल यादीत, त्याच्या आफ्रिकेतल्या मूळ घरी, तो धोक्याच्या छायेतल्या जातींत मोडतो. कारण तिथे माणसाने नाईल तिलापिया नेऊन सोडला आणि संकरामुळे मूळची शुद्ध जात हरवत चालली आहे. म्हणजे मासे इकडून तिकडे हलवण्याची किंमत या माशालाही मोजावी लागते आहे.

पुढच्या वेळी काय करावे?

अनोळखी मासा मिळाला की चार गोष्टी करा. एक, डोके डावीकडे ठेवून, सगळे पर पसरून, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून बाजूने स्वच्छ फोटो काढा. दोन, तोंडाचा आणि शेपटीचा जवळून फोटो घ्या. तीन, पाठीच्या आणि पोटाखालच्या परांचे काटे मोजून लिहा. चार, ठिकाण आणि तारीख नोंदवा. ॲपचे उत्तर जरूर पाहा, पण ते सुरुवात म्हणून. त्याने सांगितलेला मासा आपल्या भागात आढळतो का, आणि त्याचे काटे तुमच्या मोजणीशी जुळतात का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. तरीही नाव लागत नसेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या केंद्रात फोटो दाखवा. तुमची एक नीट नोंद अभ्यासकांना उपयोगी पडू शकते.

आणि सर्व वाचकांना एक विनंती. भीमा असो, मुळा, प्रवरा की घोड, पकडलेला परका मासा जिवंतपणी दुसऱ्या तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत टाकू नका. एकदा पाण्यात गेलेला असा मासा परत काढून घेण्याचा उपाय आजवर कोणत्याही मोठ्या जलाशयात सहज साधलेला नाही.